‘झाडं फुकट काढून देतो’ म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

(आसनगाव येथील कार्यकर्ता शिबिरातलं भाषण. बोललं गेलं तसंच ठेवलं आहे. शेवटी लोकांनी विचारलेले सवालही दिले आहेत.)

मागं बसलेल्या बायांनी पुढं या. आजचा विषय निम्म्याहून जास्त तुमचाच आहे.

भात झोडून झालं. गाडीवाटा वाळल्या. आता पाड्यावर कोण येणार हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. लाकडाचा शेठ येणार. तो स्वतः नाही आला तर त्याचा माणूस येणार, आणि तो माणूस बहुतेक आपल्यातल्याच कुणाचा तरी पाव्हणा असतो. ओटीवर बसतो, पाणी पितो, तंबाखू मळतो आणि म्हणतो, “बाबा, तुझ्या बांधावरची झाडं भाताला नडतात. सावलीखाली भात पोचट जातो. वाऱ्यापावसात फांदी पडली तर बैल मरायचा. आपुन काढून देतो. तुला एक पैसा खर्च नाय. फक्त लाकूड आमी नेतो.”

शहापूरकडून आणि मुरबाडकडूनही हाच सवाल आलाय. द्यायची का नाय द्यायची? म्हणून जमिनीच्या दाव्यांचं बोलणं उद्यावर ठेवलं. आज एवढंच.

तो माणूस बोलतो ते सगळं खोटं नसतं. दाट झाडाखाली भात मार खातो, हे आपण दर साली बघतो. घरावर वाकलेली फांदी धोक्याची असते. वाळलेलं खोड उगाच उभं असतं. खोटा शब्द एकच आहे, ‘फुकट’. लाकूड म्हणजेच त्याची मजुरी, आणि ती मजुरी किती झाली हे तो सांगत नाही, आपण विचारत नाही. न्हाव्याकडं डोकं करायला बसलो तरी आधी दर विचारतो. इथं आज्यानं राखलेला साग जातोय आणि आपण म्हणतो, चला, काम झालं, पैसा गेला नाय.

आणि तोडायला कोण येतं ते पण बघा. शेठ कुऱ्हाड धरत नाही. कुऱ्हाड आपल्याच शेजारच्या पाड्यातल्या माणसाच्या हातात असते, दिवसाच्या मजुरीवर. बैलगाडीनं ओंडके रस्त्याला आणणारा आपलाच. टेम्पोत चढवणारे चौघे आपलेच. शेठचा खर्च म्हणजे यांची मजुरी आणि डिझेल. बाकी सगळा नफा. बुंधा तो नेतो, खुंट आणि काटक्या आपल्याला ठेवतो, आणि वर आपणच त्याला चहा पाजतो.

कातकरी भावांनी हे जास्त जवळून पाहिलंय. दिवाळी झाली की कोळशाच्या भट्टीवर कुटुंबंच्या कुटुंबं जातात, घाट चढून देशावर. तिथं काय चालतं? एखाद्या शेतकऱ्याच्या रानात बाभळी माजलेल्या असतात. त्याला रान मोकळं करून पाहिजे. तो कोळशाच्या व्यापाऱ्याला म्हणतो, काढ आणि घेऊन जा. शेतकऱ्याला रान फुकट साफ झालं. व्यापाऱ्याला लाकूड फुकट मिळालं. दोघंही खुशीत. मग ज्यानं बाभळी तोडल्या, काट्यांत हातपाय फाडून घेतले, भट्टी रचली, ती माती टाकून झाकली आणि रातभर धुरात राखली, त्याला काय मिळालं? त्यानं पावसाळ्यात उचल घेतलेली असते. हंगाम संपला की मुकादम वही काढतो आणि सांगतो, अजून एवढे तुझ्याकडं फिरतात. म्हणजे दोन माणसांना जे फुकट पडलं त्याचं मोल तिसऱ्यानं भरलं, आणि तो पोरंबाळं घेऊन पालात झोपलेला होता. म्हणून कुणी ‘फुकट’ म्हटलं की मी आधी शोधतो, भट्टीवर कोण आहे.

आता दुसरा शब्द. ‘नको असलेली झाडं’. नको कुणाला?

आपल्याकडं भाताला राब लागतो. खाचरात बी टाकायच्या आधी जमीन भाजायची, त्याला टहाळ, पाला, शेण, गवत. टहाळ कुठून येतो? वरकसातून. खाचर एकराचं असलं तर त्याच्या मागं दोनतीन एकर वरकस लागतं असं जुने लोक धरतात. त्या वरकसात ऐन असतो, किंजळ असतो, धावडा असतो. ऐनाच्या फांद्या दर साली छाटायच्या, तो पुन्हा फुटतो. आता शेठचा माणूस त्याच वरकसाकडं बोट दाखवून म्हणतो, “हे काय नुसतं झुडूप माजलंय, साफ करून देतो.” साफ झालं की पुढच्या उन्हाळ्यात राबाला काय भाजणार? मग टहाळासाठी राखीव जंगलात जायचं, तिथं गार्ड कोयती काढून घेणार. कोयती सोडवायला जे द्यावं लागतं ते पण त्या ‘फुकट’ कामाच्या हिशेबात धरा.

आणि बांधावरचं झाड भाताला नडतं त्याचा इलाज आपल्या म्हाताऱ्यांनी कधीच काढलाय. छाटा. उन्हाळ्यात फांद्या उतरवल्या की राबाला टहाळ मिळतो, भातावर ऊन पडतं, झाड उभं राहतं. छाटणीनं तीन कामं होतात. मुळासकट काढलं तर एकच होतं, तेही एकदाच.

मोहाचं बोलायला नको. फागुन-चैतात पहाटे टोपल्या घेऊन कोण जातं? बाया आणि पोरं. फुलं वाळवून ठेवतात, बियांचं तेल काढतात. पण ओटीवर बसून झाड द्यायचं ठरवतो कोण? बाबा. आईला इचारतच नाय. एका पाड्यावर बाईनं मला सांगितलं, मी मोळी घेऊन घरी आले तर मोह आडवा पडलेला. ती दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. ती बरोबर होती. बांधावरचं झाड गेलं की फाट्यांसाठी लांबचं चालणं तिच्याच पायाला. मोळी डोक्यावर घेऊन ज्या बाया स्टेशनापर्यंत येतात त्यांना विचारा, दहा वर्षांमागं फाटी कुठं मिळायची आणि आता कुठं मिळते. म्हणून माझं म्हणणं आहे, बाईनं हो म्हटल्याशिवाय एकाही झाडाचा सौदा होता कामा नये. हसू नका, हा ठराव आपण आज लिहून घेणार आहोत.

‘नको असलेलं झाड’ हे शेठचं एकट्याचंच बोलणं नाही. सरकारही तेच बोललंय, फार जुन्यापासून. जंगलखात्याच्या लेखी साग म्हणजे लाकूड आणि बाकीचं सगळं ‘इंजायली’. आपल्या पोटाला, औषधाला, राबाला, गुराला जे लागतं ते जवळजवळ सगळं या एका शब्दात कोंबलेलं. १९७४ साली महाराष्ट्रात वनविकास महामंडळ काढलं. त्याचं काम काय, तर मिश्र जंगल साफ तोडायचं, ते लाकूड विकायचं आणि त्या जागी साग लावायचा. हाही तोच सौदा बघा. झाडं नको आहेत, काढून टाका, लाकूड विकून खर्च भागवा. फरक एवढाच की शेठ ओटीवर येऊन आपल्याला विचारतो तरी. इथं कुणी विचारलंसुद्धा नाही.

तेव्हाच्या बिहारात सिंहभूम म्हणून जिल्हा होता. तिथं हो, मुंडा, संथाळ असे आदिवासी राहतात. त्यांच्या जंगलात साल नावाचं झाड आहे. त्याची पानं, बी, डिंक, सगळं त्यांच्या घरात लागतं, त्यांचा सणसुद्धा त्या झाडाच्या फुलांवर आहे. तिथल्या वनमहामंडळानं साल काढून साग लावायला घेतला. १९७८ साली लोकांनी सागाची रोपं उपटली. आंदोलन पसरलं, पोलिसांनी गोळ्या घातल्या, पुष्कळांवर खटले झाले. साग वाईट झाड आहे म्हणून त्यांनी ते केलं नव्हतं. साग आपल्यालाही लागतो, घराला तुळई लागतेच. पण जंगलातलं कोणतं झाड नको हे कुणी ठरवायचं, या सवालावर ते लढले.

हिमालयात चिपको झालं ते तुम्ही ऐकलंय. बाया झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या, एवढंच आपल्याला सांगतात. सुरुवात कशी झाली ते सांगत नाहीत. १९७३ साली तिथल्या गावकऱ्यांनी औतासाठी, जोखडासाठी थोडी झाडं मागितली. खात्यानं नाही म्हटलं. आणि तीच जातीची झाडं खेळाचं सामान बनवणाऱ्या कारखान्याला दिली. म्हणजे सौदा होता लाकडाचाच, पण ते कुणाला मिळणार यावर भांडण पेटलं.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट तर त्याहून जुनी आहे. ही जी रेल्वे आसनगाववरून कसाऱ्याला जाते, ती १८६१ च्या सुरुवातीला कसाऱ्याला पोचली. रुळांखाली लाकडाच्या पट्ट्या लागतात, इंजिनाला तेव्हा लाकूडही लागायचं. ठाण्याच्या जंगलाला तेव्हापासून गिऱ्हाईक आहे. मग ठेकेदार आले, कूप आले, आणि त्या कुपात आमचे आजे वेठीनं तोडत होते. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९३०च्या दशकाच्या शेवटाला अहवाल लिहिला, त्यात सावकार, जमीनदार आणि जंगलचे ठेकेदार आदिवासींना कसे पिळतात ते सरकारला सांगितलं. कागद झाला, वेठ चालूच राहिली. १९४५ साली आपल्याच लायनीवर टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. तिथून परत गेलेल्या वारल्यांनी गोदावरीबाई आणि शामराव परुळेकरांबरोबर वेठ मोडली, गवत कापायचा आणि जंगलतोडीचा दर मागितला. तोडीला दर असतो, हे त्या माणसांनी मार खाऊन मिळवलंय. आपण आज तोडही देतो आणि झाडही देतो.

आता कायद्याकडं येऊ. हे नीट ऐका, कारण इथं माणूस फसतो तो पैशानं नाही, केसनं.

मालकीच्या जमिनीवरचं झाड आपलं असलं तरी वाटेल तेव्हा तोडता येत नाही. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. त्यात झाडांची यादी आहे. साग, मोह, आंबा, फणस, चिंच, हिरडा, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ ही त्यात येतात. ही झाडं परवानगीशिवाय तोडली तर गुन्हा. शेठ म्हणेल, “परवानगीचं आमच्यावर सोड.” सोडू नका. परवानगीचा अर्ज खातेदाराच्या नावानं असतो. तुमचा अंगठा, तुमचं नाव. तो दहा झाडांची परवानगी आणेल, तीस तोडेल. तीस पडलेली दिसली की पंचनामा कुणाच्या सातबाऱ्यावर होणार? टेम्पो तर गेला.

दुसरा कायदा १९६९ चा. तो खास आपल्यासाठी झाला, कारण आदिवासींची मालकीची झाडं व्यापारी कवडीमोलानं उचलत होते हे सरकारलाही दिसलं. त्याचा मतलब असा, की आदिवासी खातेदाराला झाडं विकायची तर जिल्हाधिकाऱ्याकडं अर्ज करायचा. मग झाडं मोजायची, तोडायची, डेपोत नेऊन विकायची हे काम जंगलखात्याच्या मार्फत. खर्च वजा जाऊन उरलेले पैसे खातेदाराचे. मधला व्यापारी काढून टाकला. कायदा चांगला आहे. पण अर्ज महिनोन् महिने पडून राहतो, आणि इकडं पोरीचं लगीन तोंडावर आलेलं असतं. त्या उशिरावर शेठचा सगळा धंदा उभा आहे. तो रोख आणतो, आजच आणतो. आणि कायद्यातून पळवाट म्हणून कोऱ्या मुद्रांकावर अंगठा घेतो, मुखत्यारपत्र करून घेतो. मग तुमच्या नावानं अर्ज तोच करणार, पैसेही तोच उचलणार. शिवाय काय लिहिलंय ते कळत नाही, त्यामुळं झाडाच्या नावाखाली जमिनीचाच कागद होतो की काय याचीही भीती. म्हणून एक गोष्ट गाठ मारून ठेवा. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. मुखत्यारपत्र तर मुळीच नाही, भाऊ असला तरी.

आणि जमीन कोणती आहे? हे झाडाच्या आधी बघायचं. सातबारा काढा, ‘इतर हक्क’ वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वनं सरकारजमा झाली. पुष्कळांच्या वरकसावर तशी नोंद पडलीय आणि घरात कुणाला पत्ता नाही. तिथलं झाड दिलं तर ते सरकारचं झाड दिलं असं होतं. एकसाली प्लॉटवरचं झाड पण तुमच्या हातात नाही. आणि ज्यांची जमीन दाव्यात आहे, जे म्हणतात आम्ही बापजाद्यांपासून कसतो, त्यांनी तर झाडाला हात लावू देऊ नये. साहेब पुरावा मागतो तेव्हा आपल्याकडं कागद नसतो. पण बांधावर आज्यानं लावलेला आंबा असतो. दोन माणसांच्या कवेत न मावणारा आंबा काल आलेल्या माणसाच्या शेतात उभा नसतो. तो तोडून शेठला दिला म्हणजे आपला साक्षीदारच विकला. आणि वर जंगलतोडीची केस लागली तर दाव्यात तीच पुढं करतील.

पुढचं काम दोरीचं. मी दोरी आणलीय.

शेठ नेहमी झाडं नगावर बोलतो. “वीस झाडं हायेत, सगळी मिळून एवढे घे.” नगावर कधीच बोलू नका. लाकूड घनफुटावर विकलं जातं, आणि ते मोजायला बी.ए. व्हावं लागत नाही. दोरी घ्या, ओंडक्याच्या मधोमध गुंडाळा. जेवढी दोरी लागली तो घेर. ती दोरी चार पदरी दुमडा. दुमडलेली दोरी किती फूट भरली ते बघा. त्याला त्यानंच गुणा, मग लांबीनं गुणा. घेर चार फूट असला तर दुमडून एक फूट. एक गुणिले एक म्हणजे एक. लांबी पंधरा फूट, तर लाकूड पंधरा घनफूट. आता घेर सहा फूट धरा. दुमडून दीड फूट. दीड गुणिले दीड सव्वादोन. त्याला पंधरानं गुणा, पावणेचौतीस घनफूट. म्हणजे झाड दीडपट जाड आणि लाकूड सव्वादोनपट! म्हणून तो नगावर भाव करतो आणि जाड झाडावर डोळा ठेवतो. डेपोत घनमीटर चालतं, तर साधारण सव्वापस्तीस घनफुटाचा एक घनमीटर.

अजून एक. हे दोरीचं मोजमाप व्यापाराच्या सोयीचं आहे, ते खऱ्यापेक्षा कमी भरतं. सोळा आणे लाकूड असलं तर साडेबारा आण्याच्या आसपास दाखवतं. बाकीचं कापणीत वाया जातं असं म्हणून सोडतात. वाया काय जातं, भुसा आणि फळकुटं, तेही वखारीत विकलं जातं. पण निदान हे तरी मोजलं पाहिजे. उभं झाड असेल तर छातीच्या उंचीला घेर घ्या आणि वहीत लिहून ठेवा. घरटी यादी करा, जात, घेर, कुठल्या बांधावर. वखारीत जाऊन गिऱ्हाईक म्हणून भाव विचारून या. दोन वखारींत विचारा. मग शेठचा माणूस आला की त्याच्यासमोर वही उघडा. तो चहा न पिता उठतो, हे मी पाहिलंय.

मग खरोखर नको असलेलं झाड नसतंच का? असतं की. वाळलेलं असतं, घरावर, शाळेवर झुकलेलं असतं, वीज पडून फाटलेलं असतं. सामाजिक वनीकरणवाल्यांनी लावलेल्या निलगिरीखाली गवत धड येत नाही, अशी तक्रार बायांनीच मांडलीय. अशी झाडं काढायची. पण आपण काढायची. पाड्याची बैठक घ्यायची, झाड कुठलं आणि जमीन कुणाची ते बघायचं, परवानगी लागत असली तर अर्ज करून पोच घ्यायची. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. तोडणाऱ्यांना मजुरी ठरवून द्यायची, पैशात नाही तर लाकडात, पण आधी ठरवून. चांगला तुकडा कुणाच्या घराला, समाजमंदिराला, औताला लागतो का ते बघायचं. फाटी आधी त्या घरी द्यायची जिथं बाई एकटी आहे. उरलेलं विकायचं तर कायद्यानं, मोजून. १९८८ च्या वनधोरणात सरकारनंच लिहिलंय की जंगलाजवळ राहणाऱ्या आदिवासींच्या घरच्या गरजा आधी भागल्या पाहिजेत. जंगलातल्या लाकडाबद्दल सरकार असं म्हणतं, तर आपल्या बांधावरच्या लाकडावर शेठचा पहिला हक्क कुठून आला?

आणि तोडताना जमिनीलगत तोडा, काप उतरता ठेवा म्हणजे पाणी साचत नाही, साल फाटू देऊ नका. साग, ऐन खुंटातून पुन्हा फुटतात. शेठची माणसं कंबरेच्या उंचीवर तोडतात कारण त्यांना वाकायचा कंटाळा, आणि खुंट फाटून मरतो. ‘मुळासकट साफ करून देतो’ म्हणणारा तर त्याहून वाईट. खुंट गेला की पावसात माती गेली.

जंगल कामगार सोसायट्यांचं कुणीतरी म्हणेल. १९४७ नंतर मुंबई सरकारनं त्या काढल्या, ठेकेदार हटवून तोड आदिवासींच्या सोसायटीला द्यायची म्हणून. विचार सोळा आणे खरा होता. काही चांगल्या चालल्या. काहींत अध्यक्ष आदिवासी आणि तिजोरीची किल्ली जुन्याच ठेकेदाराकडं. त्याचं वेगळं शिबिर घ्यावं लागेल, आज नको.

आता सवाल विचारा.

सवाल : शेठकडून मी पोराच्या लग्नाला उचल घेतलीय. तो म्हणतो झाडं दे, फिटलं. नाय कसं म्हणू?

उत्तर : पैसे घेतले ते पैसे. झाडं ती झाडं. दोन्ही एकत्र केलं की हिशेब त्याच्या हातात जातो. किती घेतले, कधी घेतले, किती दिले, हे दोन माणसांसमोर त्याच्याकडून लिहून घ्या. व्याजानं पैसे द्यायला सावकारीचा परवाना लागतो, तो आहे का विचारा. परवाना नसेल तर त्याचाच आवाज खाली येतो. आणि उचलीपोटी तुम्हाला किंवा पोराला त्याच्या कामावर राबवून घेत असेल, दुसरीकडं जाऊ देत नसेल, तर ती वेठबिगारी, आणि १९७६ च्या कायद्यानं ती बंद आहे, ते कर्जही बुडतं. एकट्यानं जाऊ नका. चार माणसं आणि वही घेऊन जा.

सवाल : शेजाऱ्यानं दिली. आता माझ्या शेताच्या कडेची झाडं पण त्याचीच समजून तोडतायत.

उत्तर : आजच्या आज थांबवा. दगडी खुणा दाखवा, तलाठ्याला लेखी द्या, पोच घ्या. तोडलेले ओंडके जागेवरून हलू देऊ नका. मालकीचं लाकूड असलं तरी त्याला वाहतुकीचा पास लागतो, ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का लागतो. शिक्का नसलेला ओंडका नाक्यावर गेला तर सवाल होतो. म्हणून ते घाई करतील, बहुतेक रात्रीची. पाड्यावर रात्री दोघं जागे ठेवा. मारामारी करायची नाही. टेम्पोचा नंबर लिहून घ्यायचा.

सवाल (एका बाईचा) : आमच्यात तोड आधीच ठरलीय, परवा येणारेत. बाबांनी शब्द दिलाय.

उत्तर : कागद झालाय का? पैसे घेतलेत का? नाही ना. मग शब्द बाबांनी दिला, झाड दोघांचं आहे. परवा आम्ही तिघं येतो. तोवर तुम्ही घेर मोजून ठेवा, किती झाडं, कोणती. बाबांनाही बैठकीला बसवा, त्यांच्या अंगावर जायचं नाही. त्यांनाही कुणी विचारलेलं नाही की बाबा, तुला पैसे कशाला पाहिजेत. ते आधी विचारू.

चहा आलाय. चहा झाला की सगळ्यांनी बाहेर चला, रस्त्याकडेला मोठं झाड आहे. दोरी इथं आहे. घेर आधी बाया घेतील, पोरं गुणाकार करतील. आकडा जुळला नाही तर पुन्हा मोजायचं. आणि उद्या सकाळी येताना सगळ्यांनी सातबारे आणा, ज्यांच्याकडं नाहीत त्यांची नावं आजच वहीत लिहून द्या.